पळीभर लाभ

आयुष्यात ज्या एकाच सत्पुरुषाच्या पायांवर मी आपण होऊन डोकं ठेवलं, तो त्या वेळी अफूच्या तारेत होता.

झालं ते असं. शाळामास्तरची नोकरी लागून मी नुकताच धाराशिवला आलो होतो. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, पण बाजारात, घरात आणि भांडणात धाराशिवच. राज्य निजामाचं, पगार हाली रुपयात, आणि बायको तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "नव्या गावात आधी देवाला नारळ, मग बाकीचं." म्हणून मी नारळ घेऊन महादेवाच्या देवळात गेलो. ओवरीत एक गृहस्थ भिंतीला पाठ लावून बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर इतकी शांती की मला आपल्या चंचल मनाची लाजच वाटली. आत देव होताच, तो कुठं पळून जात नव्हता. असा पुरुष पुन्हा कधी भेटणार! मी नारळ त्यांच्यापुढं ठेवला, पायावर डोकं टेकवलं आणि म्हणालो, "महाराज, नोकरी कायम होऊ द्या."

महाराजांनी एक डोळा उघडला. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"गूळ हाय का?" ते म्हणाले.

ही माझी परीक्षा असावी असं समजून मी हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात मागून फुलं विकणारी बाई पदर तोंडाला लावून हसली. "अवो मास्तर, त्यो अफू खाऊन बसलाय. नारळ उचला आन् आत जावा."

नारळ उचलायचा धीर काही मला झाला नाही. हात हलवत घरी आलो. बायकोला घडलेलं सगळं सांगितलं, कारण लग्न नवं होतं आणि काय सांगायचं नसतं हे मला अजून कळलं नव्हतं. ती त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सारखी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गृहस्थ आमच्या दारात. हातात अर्धा नारळ.

"मास्तर, देवाचा नारळ चुकून माझ्या मापात पडला. अर्धा म्या खाल्ला. ह्यो अर्धा देवाचा. तुमीच पोचवा, म्या आत जात न्हाय, तोंड नासलंय माझं."

बायको बाहेर आली. तिनं त्यांना नीट पाहिलं, आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. "अव्वा, लई उपकार झाले," ते म्हणाले. अव्वा म्हणजे कानडीत आई. बायको तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, आणि हे पन्नाशीचे. पण त्या दिवसापासून ती त्यांची अव्वा झाली ती झालीच.

हे बसप्पाअण्णा. मोंढ्यातले मापारी.

आता मोंढा म्हटलं की गाड्या आल्या, ज्वारीच्या राशी आल्या, आणि राशीपुढं एक गुडघा टेकून बसलेला मापारी आला. पायलीचं माप भरायचं, तळहातानं सपाट करायचं, पोत्यात ओतायचं आणि मोठ्यानं मोजायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, मग तीन. राशीवर बसल्यावर मापाऱ्यानं दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाप मेल्याचा निरोप आला तरी रास संपेपर्यंत थांबायचं. बसप्पाअण्णांचा बाप असाच गेला होता, असं लोक सांगत. ते स्वतः ती गोष्ट निघाली की विषय बदलत.

त्यांचे हात मी विसरणार नाही. रुंद, कोरडे, बोटांच्या फटीत धान्याची धूळ कायमची मुरलेली. पंक्तीला बसले तर पानातला भात आधी तळहातानं सपाट करीत आणि मगच वरण घेत. कुणी लांबण लावली की म्हणत, "मापात बोला." मला तर त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं की पुढं वर्गात मीच बोलता बोलता दचकून थांबायला लागलो. मुलांना वाटे, मास्तर विसरले. ती खूश व्हायची.

अफू कशी लागली हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मापात. "सुगीत कंबर धरली. उठवना. गाडीवाल्यानं गोळी दिली. दुखनं गेलं. सुगी गेली. गोळी ऱ्हायली." अफू सरकारी ठेक्यावर उघड मिळायची, त्यामुळं त्यात चोरी नव्हती, लपवालपवी नव्हती. नुसती रोजची गोळी. ती वाढत गेली. आणि एका दुपारी, भर बाजारात, माप हातात धरून बसप्पाअण्णांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा आकडा गेला होता. आकडा गेला की पोती पुन्हा सोडायची, धान्य पुन्हा राशीत ओतायचं, पुन्हा लाभापासून सुरुवात. शेतकरी ओरडला, घेणारा ओरडला. अडत्या बाबूशेठ मात्र ओरडले नाहीत. त्यांनी अण्णांच्या हातातलं माप अलगद काढून घेतलं, पुसलं आणि त्यांच्याच मांडीवर ठेवलं. "अण्णा, घरी जावा," एवढंच म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अण्णा म्हणायचे.

त्यानंतर त्यांनी कामं कमी शोधली नाहीत. जिनिंगमध्ये राखणदार म्हणून लागले. पहिल्याच रात्री राखणदाराचीच राखण करायची वेळ मालकावर आली. मग आवाज मोठा म्हणून कुणीतरी त्यांना कचेरीत पुकारे करायला चिकटवलं. तिथं दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी साहेबानं आतून विचारलं, बाहेर आसामी किती आल्यात? अण्णांनी दारात उभं राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मोजायला सुरुवात केली. पहिला माणूस बैलचोरीतला आरोपी होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!" कचेरीभर हशा उसळला. फिर्यादी चिडला, साहेब त्याहून चिडला. आरोपी तेवढा हसला.

"मला दुसरं मोजताच येत न्हाय, मास्तर," ते मला म्हणाले. "आन् दुसरं कामच येत न्हाय."

एकदा मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. मोंढ्यामागची एक अंधारी खोली. बायको वारलेली, एकच लेक, ती माकणीला दिलेली. फळीवर त्यांचं माप होतं, पितळेच्या कडीचं, वापरानं गुळगुळीत झालेलं. मापारी माप रिकामं ठेवत नाही, मूठभर धान्य त्यात असू देतो, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मी सहज आत डोकावलो. आत धान्य नव्हतं. अफूची डबी होती.

मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मी उठून चपला घातल्या. पण दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "बाबूशेठ म्हन्तो, अफू सोडा, मग काम. म्या म्हन्तो, काम द्या, हात गुतला की सुटंल. त्यो म्हन्तो आधी सोडा. आता ह्यात पयलं माप कुनी टाकायचं?"

मी त्यांना मनोनिग्रहावर बरंच काही सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी जांभई देऊन म्हणाले, "मापात बोला."

आमच्या गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या हकीमसाबांचं दुकान होतं. बायकोनं मला जवळजवळ ढकललं तेव्हा मी अण्णांना तिकडं घेऊन गेलो. हकीमसाबांनी नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी वर करून पाहिली, आणि म्हणाले, "एकदम नक्को छोडो. एकदम छोडे तो गिरते, फिर दुगना खाते." मग त्यांनी युक्ती सांगितली. अण्णांच्या डबीतली अफू सुंठ, बडीशेप आणि काडेचिराइताच्या काढ्यात विरघळवून एक बाटली भरायची. रोज सकाळी बाटलीतून एक पळी द्यायची, आणि जेवढं काढलं तेवढा साधा काढा परत बाटलीत घालायचा. बाटली कायम भरलेली. आतली अफू मात्र रोज थोडी कमी.

अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मी हुशारी आलेली पाहिली. "म्हंजे रास उतरलेली दिसनार न्हाय."

"नक्को दिखना. दिखी तो डर लगता," हकीमसाब म्हणाले. "मगर बाटली इनके पास नक्को रखो. मेरे पास बी नक्को, मैं दुकानदार आदमी, ये रोए तो दे देऊंगा." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी ताठ बसलो. ते मान हलवून म्हणाले, "मास्तर, तुम बी नक्को. घर में कौन है?"

अशा रीतीनं बाटली आमच्या घरी, बायकोच्या ताब्यात आली. पळी माझ्या मुंजीतली निघाली. संध्येसाठी मिळालेली ती पळी मुंजीनंतर बहुधा पहिल्यांदाच कामाला लागत होती. अण्णांनी डबी आणून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "अव्वा, मूठभर जोंधळा द्या. माप रिकामं हाय."

दुसऱ्या सकाळी तिनं पळी भरून पुढं केली, तर अण्णांनी हात मागं घेतला.

"मोजून द्या."

"एकच तर आहे, अण्णा. काय मोजायचं?"

"मोजल्याशिवाय घेतलेलं ते माप न्हाय. म्हना."

बायकोला क्षणभर कळेना. मग कळलं. "लाभ," ती म्हणाली. अण्णांनी ओंजळ पुढं केली, काढा घेतला, ओठ पुसले. "बास. आपल्याला रोज लाभच. दोन म्हनायची पाळी येऊ द्यायची न्हाय."

रोज सकाळी हा सोहळा. मी अंघोळीहून यायचो तेव्हा ओट्यावरून तिचा आवाज यायचा, "लाभ." मग बाटलीत काढा ओतल्याचा बुडबुड आवाज. मग अण्णांचं पाऊल. ते इथून थेट मोंढ्यात जात, लांब एका कोपऱ्यात बसत, सांडलेलं धान्य झाडून ज्याचं त्याच्या राशीत टाकत. कुणी काम सांगत नव्हतं. ते रोज विचारत होते. बाबूशेठ रोज त्यांच्या डोळ्यांत बघत आणि म्हणत, "बघू, अण्णा."

हे सगळं सरळ चाललं होतं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं ते नव्हतं. पौषात थंडी पडली. बाटलीतली अफू बरीच उतरली असणार, कारण अण्णांचं अंग बंड करून उठलं. रात्र रात्र झोप नाही, नाक वाहतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात कळा. "हाडात मुंग्या शिरल्यात," म्हणायचे. आणि नेमकं तेव्हाच बाबूशेठनं सांगितलं, "आज दुपारी या. एक छोटी रास हाय. हात बघू तुमचा."

त्या दिवशी अण्णा दुपारी पुन्हा आमच्या दारात आले. सकाळची पळी घेऊन झालेली. उभं राहवत नव्हतं. हात पुढं करून दाखवला. तो कापत होता.

"अव्वा, आज एक जादा. आजच्या दिस. ह्यो हात असा घिऊन राशीवर बसलो तर बाबूशेठ पुन्यांदा बोलवनार न्हाय. एक पळी दिली की हात थांबतोय. काम मिळंल. काम मिळालं की उद्यापासून अर्धीच द्या, चालंल."

मला हे सगळं अगदी पटलं. इतकं पटलं की मी मध्येच म्हणालो, "देऊ या की. कामासाठीच मागतायत ना? एका पळीनं काय होतंय?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी वर्गात उनाड पोराकडं बघतो ना, तसं. मग ती आत गेली, बाटली आणली, बूच काढलं, पळी काठोकाठ भरली आणि अण्णांपुढं धरली. मी सुटकेचा श्वास टाकला.

"घ्या, अण्णा," ती म्हणाली. "पण हे माप तुमच्या तोंडानं मोजा. लाभ सकाळी झालाय."

अण्णांनी ओंजळ केली. ओठ हलले. बाहेर मोंढा ऐन भरात होता. आमच्या घरापर्यंत तिथल्या नव्या मापाऱ्याचा आवाज येत होता, एकामागून एक आकडे. अण्णा ते ऐकत होते. घामानं त्यांची विभूती ओघळली होती. पळी धरलेला बायकोचा हात जराही हलला नाही.

त्यांच्या तोंडून 'दोन' काही निघालं नाही. ओंजळ हळूहळू सुटली. ते भिंतीला धरून खाली बसले. बायकोनं पळी परत बाटलीत रिकामी केली, बूच लावलं आणि म्हणाली, "चहा टाकते. गूळ जास्त घालून. अहो, बघताय काय, गोधडी आणा."

दिवे लागेपर्यंत ते आमच्या ओट्यावर गोधडीत कुडकुडत बसले. मोंढ्यातली ती रास दुसऱ्यानं मोजली.

तो दुखण्याचा डोंगर उतरला मात्र. फाल्गुनात अण्णांना झोप लागू लागली, भाकरी गोड लागू लागली. हकीमसाब नाडी बघून "वा मियाँ" म्हणाले. पण बाबूशेठचं "बघू, अण्णा" काही संपेना. एकदा माप हातात धरून झोपलेल्या माणसाकडं पुन्हा रास देणं त्यांच्या जिवावर येत होतं, आणि त्यांचंही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. धान्य दुसऱ्याचं असतं.

एका सकाळी पळी घेऊन झाल्यावर अण्णा जरा रेंगाळले. "अव्वा, यात आता निस्ता काढा हाय. व्हय ना?"

बायकोनं मान खाली घातली. हकीमसाबांनी तिला तसं सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की यांना सांगू नका.

"मापाऱ्याला फसवाल व्हय?" अण्णा हसले. "रोज एक काढायची, एक घालायची. ह्ये कुटं जानार ते म्या पयल्याच दिशी वळखलं."

"मग अण्णा, रोज येता कशाला?" मी विचारलं.

"दिवस लाभानं सुरू व्हाया पायजे, मास्तर. माझ्यापुढं रास न्हाय, म्या कुठनं म्हनू? अव्वा तरी म्हन्ते."

आणि बायको त्यानंतरही रोज म्हणत राहिली. मी पाच विषय शिकवणारा माणूस, पण एका शब्दावर माणूस उभा कसा करायचा हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मग माझी बदली झाली, तामलवाडीला. गाडीत सामान चढवायला अण्णा आले. पळी त्यांनी स्वतः पुसून माझ्या हातात दिली. "ठेवा, संध्येला लागंल," म्हणाले, आणि मी खोकून दुसरीकडं पाहिलं. बायकोनं काढ्यानं भरलेली बाटली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"बाटली नेऊन काय करू? लाभ कोन म्हननार?"

"आता तुम्हीच म्हणा, अण्णा."

"सोताच्या पोटासाटी मापारी म्हनत न्हाय, अव्वा. म्होरं रास लागती."

गाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते, दोन्ही हात मोकळे. त्या हातांत आता काहीच नव्हतं, डबी नाही आणि मापही नाही. बायकोनं ती भरलेली बाटली मांडीवर धरली होती. तामलवाडी येईपर्यंत आम्ही दोघं मनात एकच गोष्ट विचारत होतो आणि एकमेकांना विचारत नव्हतो. अफूचा ठेका मोंढ्यापासून चार पावलांवर होता.

पुढं धामधुमीचे दिवस आले. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं सरहद्द ओलांडून गेली. आम्हीही ट्रंक आणि पोर घेऊन सोलापूरला माझ्या बहिणीकडं गेलो. तिथं मी शौर्याची काय कामं केली असं मुलं विचारतात तेव्हा मी बहिणीच्या घरची लाकडं फोडली हे सांगतो, आणि त्यातली निम्मी मेव्हण्यांनी फोडली हे सांगत नाही. राजवट बदलली, आम्ही परत आलो. बसप्पाअण्णांची खबर कुणाकडं नव्हती.

सुगीच्या दिवसांत कामासाठी धाराशिवला जायचं निघालं. बायको म्हणाली, "मीही येते." का, हे मी विचारलं नाही. टांगा मोंढ्याजवळ आला आणि अडकला. पुढं गाड्याच गाड्या. टांगेवाला उतरून कुणालातरी शिव्या देत होता. तेवढ्यात बायकोनं माझा दंड धरला.

गर्दीच्या पलीकडं ज्वारीची रास होती. राशीपुढं एक गुडघा टेकून अण्णा बसले होते. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं, पण हात तेच. माप भरत होतं, तळहात फिरत होता, पोतं भरत होतं. बाबूशेठ शेजारी गादीवर बसून सुपारी कातरत होते. मी जवळच्या हमालाला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, "माकणीचे, अण्णांच्या लेकीकडले लोक अडून बसले ना. बसप्पाअण्णा मापतील तरच बैल सोडू, न्हाईतर चाललो लातूरला. शेठ काय करतोय?"

आम्ही पाहत होतो ती रास संपत आली होती. आकडे मोठे होते. ते मी नीट ऐकले नाहीत. रास संपली, त्यांनी तळाशी मूठभर धान्य तसंच राहू दिलं, हात झटकले, उठले, कंबर सरळ केली. आणि मान वर करताच त्यांना टांगा दिसला. टांग्यातली अव्वा दिसली.

मला वाटलं आता ते येतील. पण पुढची रास तयार होती, शेतकरी वाट पाहत होता. अण्णा तिच्यापुढं गुडघा टेकून बसले. दोन्ही तळहात राशीवर ठेवले. माप भरलं, सपाट केलं, वर उचललं, आणि टांग्याकडं बघत सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"लाभ!"

पोत्यात धान्य सळसळलं. टांगेवाल्यानं लगाम ओढला. वाट मोकळी झाली होती. घोडं चालू लागलं आणि मागून अण्णांचा आवाज पुन्हा आला, तसाच खणखणीत, "दोन!" मग तीन, मग चार, आम्ही वळेपर्यंत.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. या प्रसंगाला शोभेल असं एक वाक्य माझ्याकडं तयारही होतं. पण बायकोनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "एकदाचे म्हणाले दोन."